नवीन गाणी न ऐकण्याचा निश्चय

३ मार्च, बुधवार. रात्री ९.
बातमी पक्की! आपला बँड सहा वर्षांनी नवीन गाणी करतोय. अल्बम वर्षअखेरीस. त्याआधी पाच शहरांत छोटे कार्यक्रम. त्यात तीन नवी गाणी लोकांसमोर वाजवून बघणार. नावं अजून ठरलेली नाहीत, म्हणून ग्रुपवर सगळे नवं एक, नवं दोन, नवं तीन असंच म्हणतायत. पाचवं शहर आपलं. तारीख १९, शुक्रवार. फॅन ग्रुपवर (सभासद एकशे बारा, बोलणारे नऊ) सकाळपासून नुसता दंगा. पोस्टमास्तर एकसष्ट वर्षांचे, पण त्यांनी सलग चौदा उद्गारचिन्हं टाकली.

दोन तिकिटं काढली. एक माझं, एक बायकोचं. आमचा लग्नाआधीपासूनचा नियम आहे: बँडचं नवीन गाणं पहिल्यांदा ऐकायचं ते दोघांनी, एकत्र, प्रत्यक्ष. रेकॉर्डिंग वर्ज्य. एकवीस वर्षांत एकदाही मोडला नाही. आमची ओळखच यांच्या तिकिटांच्या रांगेत झाली.

बायको सध्या तिच्या बहिणीकडे आहे. हवापालट. तीन महिने होत आले. शिवणाचं मशीन नेलंय, पण ते वापरलं नाही की जाम होतं. भिंतीवरचं घड्याळही नेलं. ते तसं तिच्या वडिलांचंच.

तिला मेसेज टाकला, नियम लक्षात आहे ना? संध्याकाळी उत्तर आलं, जरा बोलायचंय, कधी मोकळा आहेस? मी कळवलं, १९ला, रांगेत वेळच वेळ. थोडक्यात, येतेय.

५ मार्च, शुक्रवार.
पहिला कार्यक्रम ९ तारखेला. म्हणजे ९ ते १९ हे दहा दिवस धोक्याचे. लोक फोनवर चोरून रेकॉर्ड करणार आणि जगभर वाटणार. निश्चय: एक सूरही कानावर पडू द्यायचा नाही. ग्रुपमधून दहा दिवस बाहेर. लॅबमध्ये कानावर इअरमफ. (आम्ही कवळ्या बनवतो. पॉलिशच्या मशीनचा आवाज होतो म्हणून ते मिळालेच आहेत, आजवर वापरले नव्हते एवढंच.) शेजारच्या टेबलावरचा पॉलिशवाला दिवसभर गुणगुणतो आणि तोही ग्रुपवर आहे. त्याला स्पष्ट सांगितलं, गुणगुणायचं तर जुनं. तो म्हणाला, वहिनी परत आल्या का? म्हटलं, १९ला येतायत.

९ मार्च, मंगळवार. रात्री ८.
दुपारी साडेचारला ग्रुप सोडला. निरोपाचं छोटं भाषण टाकलं. कुणी काही बोललं नाही, भारावले असावेत.

४.५० ला परत आलो. फक्त तारखांची खात्री करायला.

१० मार्च, बुधवार.
काल परत आलोच होतो, म्हणून सकाळी राहिलेलं वाचलं. वाचणं म्हणजे ऐकणं नव्हे. ड्रमवाल्याने (हा बँडचा नव्हे, आमच्या ग्रुपवरचा; टेबल, डबा, स्वतःचं पोट, काहीही बडवतो) लिहिलंय की नवं तीन ऐकताना तो रडला. एरवी भरलेला गॅस सिलिंडर पायावर पडला तरी रडणार नाही असा माणूस. सुरुवातीला म्हणे फक्त बास गिटार आणि गायकाचा आवाज, दुसरं काही नाही. एवढं वाचून फोन पालथा ठेवला.

बास! तिला बासच आवडतो. म्हणते, तो कानाने नाही, छातीने ऐकायचा. नवं तीन सुरू झालं की तिचा हात धरायचा, हे ठरवून टाकलं. कुठला हात, तेही ठरवलं.

११ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७.१५.
बायकोचा व्हॉइस मेसेज आला! चार मिनिटं अकरा सेकंद. एवढं लांब ती कधी बोलत नाही. फोनवर दोन वाक्यांत आटपणारी बाई. म्हणजे हे बोलणं नाहीच, गाणं आहे! कुणीतरी तिला रेकॉर्डिंग पाठवलं आणि तिने माझी फिरकी घ्यायला पुढे ढकललं. मी नियम पाळतो की नाही याची परीक्षा. इतक्या महिन्यांनी तिला माझी थट्टा करावीशी वाटली, याचाच इतका आनंद झाला की चहा उतू गेला.

लगेच उत्तर दिलं: मी नाही ऐकणार! परीक्षा पास! पुढे अंगठा.

तिने पाहिलं. उत्तर नाही. हसली असणार.

१३ मार्च, शनिवार.
लॅबमध्ये किरकोळ प्रसंग. एका निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी होती. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी परवा दारातूनच सांगितलं होतं म्हणे, दातांचा रंग वयाला शोभेल असा जरा पिवळसर घ्या. मी इअरमफ लावून मान डोलावली. मला मान डोलावायची सवय आहे, त्याने माणसांना बरं वाटतं. आज मुख्याध्यापकांनी पांढरेशुभ्र दात लावून आरशात पाहिलं आणि म्हणाले, हे माझे नाहीत, हे जाहिरातीतल्या पोराचे आहेत. डॉक्टरीणबाई बरंच बोलल्या. मी इअरमफ काढून ऐकून घेतलं. प्रेमात माणसाला असं सोसावं लागतं.

निश्चय: सोमवारपासून डावा कान उघडा.

१५ मार्च, सोमवार.
मोहाचा दिवस. ग्रुपवर तिसऱ्या कार्यक्रमाचा गजर चाललाय. नवं दोन आता आधीपेक्षा वेगात वाजवतात, नवं तीनचं शेवटचं कडवं बदललं, लोक त्यावर भांडतायत. मला काहीच माहीत नाही. आणि खिशात चार मिनिटं अकरा सेकंद! अंगठा दोनदा तिथवर गेला. शेवटी फोन प्लास्टरच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावलं. घरी येईपर्यंत उघडला नाही. असा नवरा शोधून सापडणार नाही, हे तिलाही कळेलच.

१७ मार्च, बुधवार.
मेहुणीचे दोन मिस्ड कॉल. ही बायकोची थोरली बहीण, हॉस्पिटलात नर्स आहे. घरी तिच्याकडे रेडिओ अखंड चालू, आणि परवा रेडिओवर नवं एक वाजलं म्हणे. जोखीम नको. फोन उचलला नाही. मोठी बॅग हवी असेल, माळ्यावरची. परत यायचं म्हणजे सामान भरायला लागणारच.

१८ मार्च, गुरुवार.
घर आवरलं. घड्याळाच्या जागी खिळा आहे, तो पुसला. पलंगाची तिची बाजू झटकली. रांगेत काय बोलायचं ते काढून ठेवलं: बँडबद्दल साधारण वीस मिनिटं, मग माळ्यावरच्या बॅगेचा विषय सहज काढायचा. माफी मागायची का? कशाची ते आठवत नाही. ती जाताना दारात उभं राहून बरंच काही बोलली होती. तेव्हा मी नेमका जुन्या कार्यक्रमाची टेप साफ करत होतो, हेडफोन होता. मान डोलावली होती.

तिला मेसेज: उद्या साडेपाच, डावं गेट. तिने पाहिलं नाही. कामात असेल.

१९ मार्च, शुक्रवार. सकाळी ८.३०.
रजा घेतली. निळा शर्ट इस्त्री करतोय. तो तिला आवडतो, किंवा आवडत नाही, दोन्हींपैकी एक. आभाळ स्वच्छ. आजच्यासारखा दिवस वर्षातून एखादाच येतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.
रांग. सगळे आलेत. ड्रमवाला कठड्यावर बडवतोय. पोस्टमास्तर पुढच्या-मागच्या सगळ्यांना तिन्ही गाण्यांची कुंडली सांगतायत. माझे कानांवर हात. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारतायत, दोघी तर तेरा तासांचा प्रवास करून आल्यात. अशा गर्दीत मला फार बरं वाटतं, इथे सगळ्यांना एकाच गोष्टीची घाई असते. ती अजून आली नाही. गाडी मिळाली नसेल. शेजारी तिच्या जागेवर पिशवी ठेवलीय.

त्याच दिवशी. ८.४०. हॉलबाहेरचा पॅसेज.
लिहितोय कारण हाताला काहीतरी हवं.

आत नवं एक सुरू व्हायच्या आधी पोस्टमास्तरांना मी माझा पराक्रम सांगितला. बायकोने गाणं पाठवलं, चार मिनिटं अकरा सेकंद, आठ दिवस हातही लावला नाही. ते म्हणाले, कुठलं गाणं? तिन्हीतलं एकही सहा मिनिटांच्या आत नाही. म्हटलं, अर्धवट असेल. ते म्हणाले, असेल बुवा.

नवं एक डोळे मिटून, कानांत बोटं घालून काढलं, ती येईपर्यंत. नवं दोनही तसंच. मग ती येणार नाही असं पहिल्यांदा वाटलं. बाहेर आलो. मेसेज लावला.

गाणं नव्हतं. ती होती.

म्हणाली, लिहून जमलं नाही म्हणून बोलतेय, एकदा पूर्ण ऐकून घे. दोन वर्षांपासून तिला कमी ऐकू येतंय. मला दोनदा सांगितलं होतं. एकदा मी मान डोलावली, एकदा म्हणालो, हो ना, मस्तच. दोन्ही कानांतलं एक छोटं हाड घट्ट झालंय. डॉक्टर म्हणतात कार्यक्रमांतल्या स्पीकरचा यात दोष नाही, हे मुद्दाम सांगतेय, नाहीतर तू उगीच मनाला लावून घेशील. १९ला सकाळी साडेआठला उजव्या कानाचं ऑपरेशन आहे. जमलं तर नीट ऐकू येईल, बिघडलं तर तो कान गेला. ताईची त्या दिवशी ड्यूटी आहे. तू येऊन बसशील का? बोलू नकोस काही, नुसता बस. मला फार भीती वाटतेय. संध्याकाळी तू खुशाल कार्यक्रमाला जा, मी अडवणार नाही. आणि ती तीन गाणी मला नीट ऐकू यायला लागली की सावकाश ऐकव, तेव्हा नियम मोडला तरी चालेल. मग म्हणाली, येशील ना?

तिने विचारलं, येशील ना. मी लिहिलं, मी नाही ऐकणार. आणि अंगठा.

आत नवं तीन चालू होतं. भिंतीतून बास येत होता, छातीत. मी भिंतीला पाठ लावून पोरासारखा रडलो. एक सफाईवाली बाई थांबून म्हणाली, एवढं छान आहे का हो गाणं?

२० मार्च, शनिवार.
ग्रुपवर चारशे मेसेज. ड्रमवाला म्हणतो, आयुष्यात काही करायचं राहिलं नाही. पोस्टमास्तर म्हणतात, आता डोळे मिटायला मोकळा. मला विचारलं, नवं तीन कसं वाटलं? लिहिलं, शब्द नाहीत. सगळ्यांनी बदाम टाकले.

सकाळपासून सहा वेळा फोन लावला. सातव्यांदा मेहुणीने उचलला. ऑपरेशन झालं. ड्यूटी कुणाशी तरी बदलून तीच बसली होती. उद्या अकराला घरी या, म्हणाली, तिला फार बोलायला लावू नका.

माफीचे मुद्दे काढले. एकूण तेरा. पाठ केले. खोटं एकही नाही, हे वहीत लिहून ठेवतो, कारण या वहीत बाकी खोटं बरंच आहे.

२१ मार्च, रविवार. दुपारी २.
गेलो. खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, उजव्या कानावर पट्टी. घड्याळ तिथल्या भिंतीवर लावलंय, बरोबर चालतंय. मी डाव्या बाजूला बसलो आणि तेराच्या तेरा मुद्दे सांगितले. हेडफोन, दोनदा मान डोलावणं, दारातलं बोलणं, अंगठा. तिने मधे तोडलं नाही. सगळं ऐकलं, म्हणाली. सांगितलंस ते बरं केलंस. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काय करायचं ते कळलं असतं.

मग तिने विचारलं, कशी होती गाणी? म्हटलं, ऐकली नाहीत. पहिल्या दोनांना तुझ्यासाठी थांबलो होतो, तिसऱ्याला बाहेर तुझा मेसेज ऐकत होतो. ती म्हणाली, अरे, दोघांपैकी एकाने तरी ऐकायची ना.

म्हटलं, दुसऱ्या कानाच्या वेळी मी येतो. आदल्या दिवसापासून येतो, रजाच टाकतो. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात आहे, ताईची रजा मंजूर झालीय. तू कशाला खोळंबतोस?

मेहुणीने चहा दिला. प्यायलो. निघालो. तेरा मुद्दे एकही न विसरता सांगितले म्हणून जिन्यात जरा हलकंसुद्धा वाटलं. खालच्या दारापर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, कान दुखतो का, ऐकू काय येतं, भीती गेली का, कशी आहेस, यातलं एकही विचारलं नाही. धावत तीन मजले परत चढलो. बेल वाजवली.

दार मेहुणीने उघडलं. म्हणाली, आत्ताच झोपली.