पायवाटेचा मालक

३ जुलै, गुरुवार

सुशोभन समितीची नोटीस! खाडीकिनारा सुंदर करायचा ठरलाय म्हणे. म्हणजे काय, तर आमच्या अंगणातून धक्क्याकडे जाणारी पायवाट त्यांना हवी आहे. तिच्यावर पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंना स्टीलचं रेलिंग, डॉल्फिनच्या आकाराच्या कचराकुंड्या. कळव्याच्या खाडीत डॉल्फिन कोणी पाहिला? आणि टोकाला लोखंडी फाटक. उघडण्याची वेळ सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ!

कोळीवाड्यातल्या बायका याच वाटेने मासळीच्या पाट्या घेऊन जातात. त्यांची वेळ भरती-ओहोटी ठरवते. भरतीला हे वेळापत्रक कोण समजावणार? समितीचे सदस्य?

हरकतींची सुनावणी चोवीस तारखेला आहे. मी जाणार. ही वाट कुणालाही देणार नाही. सोडणार नाहीच.

५ जुलै, शनिवार

नोटीस परत वाचली. भाषा अशी की जणू आजवर इथे रान होतं आणि आता माणसं चालायला शिकणार आहेत.

तीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतोय आणि एकच गोष्ट ओरडून सांगतोय — चांगली जागा कोणी आखून होत नाही. माणसांना मोकळं सोडा, ती आपापल्या सोयीने जागा घडवतात. फेरीवाला कुठे बसतो बघा. सावली कुठे, वळण कुठे, गिऱ्हाईक कुठे थांबतं, त्याला सगळं कळतं. त्याला उचलून 'फेरीवाला क्षेत्रात' टाका, महिन्यात तिथे गाढवं बसलेली दिसतील.

माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो माझ्या दारात आहे. अंगण आमचं. बाबांनी जागा घेऊन घर बांधलं, मी नऊ वर्षांचा असताना ते गेले. तेव्हापासून आजतागायत अंगणाच्या फाटकाला कुलूप नाही. सगळा कोळीवाडा इथून जातो-येतो. कायदा नाही, पाटी नाही, पहारेकरी नाही. मालकाची मर्जी, बस! आणि त्याची जाण ठेवून, नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या की पहिल्या मासळीतला पहिला वाटा सगुणाबाई आमच्या घरी आणून देते. बोई, चिंबोऱ्या, जाळ्याला जे लागेल ते. मागितलं नाही कधी. मालकाचा मान म्हणून देतात.

ठाण्याला आर्किटेक्ट मंडळींसमोर याच विषयावर बोललो होतो — खाजगी मालकाने दिलेली जागाच खरी सार्वजनिक. टाळ्या पडल्या होत्या. सान्वी शेवटच्या रांगेत बसली होती. घरी येताना म्हणाली, "बाबा, तुझी पूर्ण थिअरी एका चिंबोरीवर उभी आहे."

पोरगी नगररचना शिकतेय. माझ्याच घरात!

७ जुलै, सोमवार

सकाळी विठ्ठलवाडीला जयेशकडे, माझं जुनं गिऱ्हाईक. खाली शिलाई मशीन, वर संसार. वीस वर्षं सुखाने चाललंय. आता कोणीतरी सांगितलं, हा राहण्याचा विभाग आहे, मशीन हलवा. कुठे हलवू? एमआयडीसीत गाळा घ्या! आठ मशीनसाठी! मी म्हटलं, जयेश, तू काही हलवू नकोस, मी लिहून देतो.

दुपारी मानपाड्याच्या साइटवर. शेजारच्या मोठ्या संकुलात बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. दंड! का, तर इमारत 'रहिवासी वस्तीसारखी' दिसते. मग काय विमानतळासारखी दिसायला हवी?

रात्री जेवताना हे सांगितलं. सान्वी म्हणाली, "पण तो नियम पालिकेचा नाही. सोसायटीचा आहे. लोकांनी स्वतः सह्या केल्यात. तुझ्या लॉजिकने तर परफेक्ट आहे ना?"

याला उत्तर आहे. उद्या लिहीन.

८ जुलै, मंगळवार

अजून सुचलेलं नाही.

१२ जुलै, शनिवार

सगुणाबाई वाटेने चालली होती, तिला अंगणात थांबवलं. नोटीस वाचून दाखवली. सत्तरी ओलांडली असेल, पण डोक्यावरची पाटी न उतरवता सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी फाटक बंद आसल तवा मासली घिऊन हुभं ऱ्हायाचं?"

"हो."

"आनि मासली नासली तं?"

"म्हणून तर सुनावणीला या. मी विचारीन, तुम्ही सांगा."

"येन की. जा इचारशील त्याचा जवाब देन."

तिच्याबरोबर नेहमी तिची पुतणी रंभा असते. आज नव्हती. रंभाचा नवरा उत्तम अंथरुणाला खिळलाय, औषधं लागू पडत नाहीत म्हणाली. चांगला माणूस. जाळं विणताना एकदा त्याला बघत बसलो होतो.

सगुणाबाईला काय बोलायचं ते मी शिकवलं नाही. साक्षीदाराला पढवणं मला मान्य नाही. शिवाय उत्तर मला माहीत आहेच.

१८ जुलै, शुक्रवार

भाषण तयार. मुद्दा सरळ — वाट खाजगी आहे, ती मालकाच्या मर्जीने खुली आहे, आणि वाटा ही त्याची पोच. जे मर्जीने चाललंय त्याला समितीने हात लावायचं कारण नाही.

आईला वाचून दाखवलं. चौऱ्याऐंशीची आहे, पण ऐकताना चष्मा लावते. वाट्याच्या मुद्द्याशी आल्यावर म्हणाली, "अरे विनीत, तो वाटा —" म्हटलं, आई, शेवटपर्यंत ऐक. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग म्हणाली, "बरं. तुझं चालू दे."

२४ जुलै, गुरुवार

काय लिहू! लिहितोच.

सभागृह भरलेलं. सान्वी आली होती, आईसुद्धा रिक्षाने आली. मी बोललो. चांगलं बोललो — खोटी नम्रता कशाला? डॉल्फिनवर हशा मिळवला. भरती सहाला येत नाही, यावर अध्यक्षबाईंनी मान हलवली. मग मी सगुणाबाईला पुढे बोलावलं.

"सगुणाबाई, दरवर्षी पहिला वाटा तुम्ही आमच्या घरी का देता?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला म्हाईत नाय?"

"तुम्ही सांगा. यांना ऐकू दे."

"तुजा बापूस गेला तवा तू येवढासा व्हतास. तुजी आयस एकली. ज्या घरान कमावता नाय, त्या घरचा वाटा पयला काढाचा, मंग आमचा. आमची रीत हाय ती."

मला वाटलं तिचा काहीतरी घोळ होतोय. घाईघाईने म्हटलं, "म्हणजे, वाटेचा मान म्हणून —"

"कनाला मान? वाट काय तुजी हाय? माजी सासू बोलाची, तिची सासूपन तिथूनशीच धक्क्याव जायाची. तवा तुमचा घर कुठं व्हता?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पण हे तर आता चांगले कमावतात. अजून वाटा कशाला?"

"बंद कराचा व्हता. पन याची आयस बोलली, थांब जरा. याचा धंदा काय धड चालत नाय. सगल्यांशी भांडतो."

आता सगळं सभागृह हसत होतं. सान्वीने तोंडावर ओढणी धरली होती. आई खिडकीबाहेर बघत होती, जणू तिचा या गावाशी संबंधच नाही.

मी खाली बसलो. कान असे तापले होते की हात लावून बघितलं.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी चहा घेऊन आईकडे पाठ करून बसलो. तीच म्हणाली, "रागावलास?"

"मला सांगायचं तरी होतंस."

"तू विचारलंस कधी? तू तर आल्यागेल्याला सांगत सुटायचास. मान काय, मालक काय!"

"आणि माझा धंदा धड चालत नाही असं कोळीवाड्यात जाऊन सांगितलंस?"

"चालत होता का?"

नव्हता. चौऱ्याण्णवसाली तीन गिऱ्हाइकं होती, त्यातल्या दोघांशी मी भांडलो होतो.

मग ती सावकाश बोलत राहिली. बाबा गेले त्या पावसाळ्यात तिची शाळेतली नोकरी कायम झालेली नव्हती. ती कोणापुढे हात पसरणार नाही हे सगुणाबाईच्या सासऱ्याने ओळखलं. म्हणून पहिल्या मासळीचं निमित्त. पण फक्त पहिलीच नव्हे. त्या वर्षी जवळजवळ रोज काहीतरी ओट्यावर ठेवलेलं असायचं. कोणी दार वाजवायचं नाही. मी ते खाऊन मोठा झालो आणि म्हणत राहिलो, आमच्या वाटेचं भाडं!

लाज वाटली. अगदी खरी. आणि नंतर हसूही आलं, कारण आईने चहाचा कप ठेवता ठेवता सांगितलं, "चिंबोऱ्या मात्र तुला नीट फोडता आल्या नाहीत कधी."

२९ जुलै, मंगळवार

निकाल आला. जिंकलो!

सगुणाबाईच्या मागोमाग कोळीवाड्यातल्या आणखी सहाजणींनी तेच सांगितलं. पायवाट घराच्या आधीची, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची. म्हणून ती योजनेतून वगळली. फाटक नाही, वेळा नाहीत, डॉल्फिन नाहीत. मात्र खालच्या ओळीत हेही लिहिलंय — जागेच्या मालकालाही ही वाट कधी बंद करता येणार नाही.

म्हणजे इतकी वर्षं मी औदार्याने जे उघडं ठेवत होतो, ते बंद करायची मुभा मला कधी नव्हतीच.

सान्वीला वाटलं मी खचलो. "बाबा, ओके आहेस ना?" अगं, ओके काय! विचार कर. आई एकटी पडली तेव्हा कोळीवाड्याला कोणी आदेश काढला होता? कोणती समिती बसली होती? कर नाही, अर्ज नाही, लाभार्थ्याचा फोटो नाही. माणसांनी माणसांसाठी घालून घेतलेली रीत, आणि ती पंचेचाळीस वर्षं एकदाही चुकली नाही. मी हेच तर ओरडून सांगत आलोय! फक्त मध्यभागी चुकीचा माणूस उभा केला होता. मला.

सान्वी म्हणाली, "पण रीत म्हणजेसुद्धा नियमच. मोडली तर कोळीवाडा बोलतो." हो, बोलतो. पण माणूस समोर उभा राहून बोलतो, नोटीस पाठवत नाही. मानपाड्याच्या कपड्यांचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. करार सह्यांनी होतो, पण त्यात एकमेकांची तोंडं बघितलेली नसतील तर तो जड होतो. अजून नीट मांडता येत नाही. येईल.

ठाण्याला परत बोलवा म्हणून कळवलंय. भाषण दुरुस्त करायचं आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

उत्तम गेला. पन्नाशीही झाली नव्हती. रंभाच्या दोन्ही मुली शाळेत आहेत. धक्क्याजवळच्या त्यांच्या घरी मी गेलो होतो, आमच्या वाटेने नाही, रस्त्याने, रिक्षातून. का ते कळत नाही. सवयच नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. धक्क्यावरून बेंजोचा आवाज येत होता, पण दरवर्षीपेक्षा कमी. आईने नारळीभात केला.

१० ऑगस्ट, रविवार

काल होड्या परतल्या. आमच्या दारात वाटा आला नाही.

सकाळपासून मी तीनदा ओट्यावर डोकावलो, हे आईने बघितलं. "आता तू कमावता झालास हो," म्हणाली. पहिला वाटा रंभाच्या घरी गेला. जायलाच हवा होता. तरी कुठेतरी लागलं. बाजारातून बोई आणली. चव नव्हती.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी सगुणाबाई दारात. पाटी रिकामी.

"रंभाचं पत्रं उडालंत. घरान पानी येतं. पोरी भिजतान."

मी पाकीट आणायला वळलो. ती म्हणाली, "पैसं नको. कोली मासली देतो. तू कंचा काम करतंस?"

"घरं काढतो."

"मंग यंदा तुजा पयला घर तिचा."

जयेशचं काम थांबलंय, मानपाड्याचे नकाशे टेबलावर पडलेत. सान्वीने न विचारता टेप आणि कागद आणून हातात दिले. आईने छत्री. मी एकदाही विचारलं नाही की हे कोणत्या कायद्याने.

सगुणाबाई पुढे, मी मागे. अंगणातून निघालो. या वाटेने धक्क्यापर्यंत मी आयुष्यात आज पहिल्यांदा गेलो.