वहीतले शेवटचे आप्त

प्रिय सरोज,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून पत्र फाडू नकोस. रामकुंडावरून तडक घरी आलो आणि चपलाही न काढता लिहायला बसलोय.

निफाडला तुझ्या अण्णांचं स्मारक होतंय. शिळेवरचा मजकूर अर्थातच माझ्याकडे आला. अण्णांच्या पणजोबांचं नाव हवं होतं, म्हणून तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय राजूगुरुजी यांच्याकडे गेलो. त्यांनी लाल फडक्यातली वंशावळीची वही सोडली. पणजोबा सापडले. पण खाली अण्णांचं अक्षर होतं, भाद्रपद १९७२. तर्पणासाठी आजोबा, आजी, काका, आणि अगदी शेवटी, आप्तांमध्ये: 'समुद्रात गेलेले, नावे ठाऊक नाहीत.'

हे कोण, मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "कमांडरसाहेबांनी एकाहत्तरला ज्यांची बोट बुडवली ना, ते. वडील सांगायचे, साहेब अडूनच बसले, त्यांनाही पाणी द्यायचं. आता आमच्या वहीत शत्रूचा रकाना कुठला? घातले आप्तांत." तेव्हापासून, सरोज, अण्णा दर सर्वपित्री अमावास्येला येत राहिले. पन्नासहून अधिक वर्षं. गुडघे गेल्यावर खुर्चीत बसून.

आणि मी? ती लढाई तीस वर्षं व्यासपीठांवर गाजवली, लासलगावच्या मार्केट यार्डात तर ट्रॅक्टरवर उभं राहून. 'जलसमाधी' हा शब्द आला की पहिल्या रांगेतले अण्णा खाली बुटांकडे बघत. मला तो विनय वाटायचा.

शोकसभेत मी कळसच केला. बुडणाऱ्यांसाठी या सेनानीच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, असं ठणकावलं. वाक्य माझं होतं, अण्णांचं कधीच नव्हतं. टाळ्या पडल्या, तू उठलीस आणि दारात म्हणालीस, "दिवाकर, तुझ्या भाषणातला माणूस आमच्या घरी कधी राहिला नाही." दीड वर्ष मी तुलाच हळवी ठरवत होतो.

ते युद्ध न्यायाचं होतं आणि अण्णांचा नेम चुकला नाही, याचा अभिमान मी आजही सोडणार नाही. पण पोथ्यांतले राजे रणानंतर आपल्याच भाऊबंदांना पाणी देतात. अण्णांनी नाव-गोत्र ठाऊक नसलेल्यांना दिलं, आणि गावात कुणाला पत्ता लागू दिला नाही. असा सेनापती माझ्या शेजारच्या गल्लीत राहत होता, सरोज.

शिळेचा मजकूर मी फाडलाय. पण पत्र त्यासाठी नाही. अण्णा गेल्यावर गेल्या वर्षीची अमावास्या तशीच गेली. साहेबांचं हे पुढे कोण करणार, असं गुरुजींनी विचारलं. माझी जीभ 'मी' म्हणायला निघालीच होती, पण तो मान तुझा आहे. लेकीने पाणी दिलेलं चालतं, मी विचारून घेतलंय. रविवारी अमावास्या आहे. पुण्याहून पहाटेची बस पकड. तुझं झाल्यावर, तू हो म्हणालीस तर, एक ओंजळ मीही देईन. त्या माणसांच्या मरणावर मी तीस वर्षं टाळ्या घेतल्या आहेत.

तुझाच,
दिवाकर