खांबाचे झगे

४ मार्च
परत तेच! फोन उचलला की ताईचं मशीन. विणकामाचं मशीन घेऊन दे, मशीन घेऊन दे. मी म्हटलं, दोन सुया आहेत ना घरात? मी इथे दिव्याचे खांब खरवडून रंगवतो, नोटा छापत नाही! नवऱ्याशी भांडून आईकडे येऊन बसली ती स्वतः. पैसे साठवलेत ते माझ्या लायसनला. ट्रकवर बसलो की हा ब्रश कायमचा फेकणार.

५ मार्च
आणि इथेही लोकरच! कुणीतरी बाया खांबांना विणलेले झगे घालून जातात. गुलाबी, पिवळे, एकाला तर गोंडे. शहर सजवतात म्हणे. खांबाला थंडी वाजते? भिजलं की आत गंज धरतो, घासायचा आम्ही. मुकादम म्हणाला, "काप." कापलं की धागे ब्रशात गुंततात. मी शिवण सोडली, शेवटची गाठ शोधली, ओढलं— सर्रकन सगळं उसवलं! लहानपणी ताईच्या चुकलेल्या ओळी मीच उसवायचो. आता सगळे झगे माझ्याच गळ्यात. बरोबरचे "सुईवाली बाई" म्हणतात. एकाला ढकललं.

९ मार्च
झगेवाली भेटली. केस पांढरे, जीभ तिखट. "कापलं असतंस तर एवढा राग आला नसता. उसवतोस? हात विणणाऱ्याचे आणि धंदे हे!" म्हटलं, आजी, मला याचे पैसे मिळतात. तुम्हाला काय मिळतं?
"तुझं हे तोंड बघायला मिळतं!"
डोकं सणकलं.

१० मार्च
त्याच खांबावर नवा झगा! म्हातारीने ओळीओळीला गाठ मारलीय. उसवतच नाही. सकाळ गेली, मुकादमाने अर्धा रोज कापला. ती समोरच्या बाकावर बसून पुढचा विणतेय!

१२ मार्च
रागारागात ताईला सांगितलं. वाटलं, हसेल. म्हणाली, "विणलेलं उसवायचे पैसे घेतोस, आणि मला विणू देत नाहीस." फोन आईकडे दिला.
आई हळू बोलत होती. दाजी रविवारी न्यायला येणार. ही जाते म्हणते, तुमच्या जिवावर किती दिवस बसू? सुया धरवत नाहीत तिला. त्याने पिरगळलेला हात अजून वळत नाही.
मला कुणी सांगितलंच नाही! नुसतं "भांडण" म्हणायचे सगळे.

१३ मार्च
लायसन गेलं खड्ड्यात. रविवारच्या आत ताईकडे मशीनचे पोचायला हवेत— चोवीस हजार.