बारा फाइलींचं सेशन

३ मार्च, सोमवार
लिफ्ट देखभालीच्या पुस्तिकेचं काम अखेर माझ्याकडे. बारा प्रकरणं, बारा फाइली आणि त्या सगळ्या जिला जोडायच्या ती एक मुख्य फाइल. मुखपृष्ठावर संपादक म्हणून माझं नाव टाकायचं साहेबांनी कबूल केलंय. चौदा वर्षं घासली या कंपनीत, पहिल्यांदाच नाव छापून येणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी येऊ दे.
एक नवी सोय सापडली. सेशन. एक बटण दाबलं की बाराही फाइली काल जिथे सोडल्या तिथे उघडतात.

४ मार्च
संकल्प: रोज संध्याकाळी प्रत्येक फाइलच्या नावात त्या दिवशीची तारीख घालायची. कुणाची लुडबुड नको. शेजारच्या टेबलावर ड्रॉइंग करणारे मामा (सगळ्या ऑफिसचेच मामा) म्हणाले, नावं बदललीस तर जोड तुटतील. वय झालं की माणूस नव्याला घाबरतो. समजूतदारपणे हसलो.

५ मार्च, सकाळी ९.३०
सेशन दाबलं. बाराच्या बारा हजर, एकही जोड तुटलेला नाही. मामांना मुद्दाम बोलावून दाखवलं. बरं झालं म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत बसले. जळतात.

१० मार्च
दगा!
मुख्य फाइलची माहिती सहज उघडली. शेवटचा बदल सकाळी आठ दहा, मामांच्या मशीनवरून. गेला आठवडाभर रोज हेच. ऑफिस साडेनऊचं. आठ वाजता येऊन हा माणूस माझ्या फाइलीत काय करतो? माझं नाव काढून स्वतःचं घालायचा बेत, दुसरं काय. चौदा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला याच्याबरोबर. आज घास उतरेना. मामांनी त्यांच्यातली भाजी वाढली. खाल्ली, पण मनापासून नाही.

११ मार्च
साहेबांच्या कानावर घातलं. वेळांची यादीच दिली. मामांना विचारतो म्हणाले. मी म्हटलं, नको, या वयात कशाला ओशाळं करायचं त्यांना. माझा मोठेपणा साहेबांच्या लक्षात आला असावा.
दुपारी मामांची रवानगी तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. जाताना म्हणाले, नावं बदलू नकोस रे. शेवटपर्यंत तेच.
संध्याकाळी बाराही फाइलींवर तारीख घातली.

१२ मार्च, सकाळी ११
साहेब, दोन गिऱ्हाइकं, मोठा पडदा. मुखपृष्ठ आलं, माझं नाव आलं. पुढे बारा कोरी पानं. प्रत्येकावर एकच ओळ: जोडलेली फाइल सापडली नाही. सेशन दाबलं. तेही रिकामं.
घातपात आहे, मी म्हणालो. साहेब म्हणाले, मामा तर कालपासून खाली आहेत.

दुपारी १२.३०
मामांना वर बोलावलं. वीस मिनिटांत बाराही जोड जागेवर, सेशनसुद्धा. साहेबांनी विचारलं, रोज आठला काय करत होता?
मामा म्हणाले, "हा संध्याकाळी नावं बदलायचा, मी सकाळी जोडून ठेवायचो. पहिल्यांदाच नाव छापून येतंय त्याचं."
मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी की-बोर्ड पुसत होतो.

१.१५
डबा घेऊन तळघरात गेलो. जिन्यात वाक्यही जुळवलं होतं, पण दारात पोचेपर्यंत विसरलो. फार लाज वाटली. मामांनी कागदांचे गठ्ठे सरकवून मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचा डबा धुऊन खिडकीत पालथा घातलेला होता.
"माझं झालं रे," ते म्हणाले. "तू जेव."