आठ गेले, आठ आले

३ मार्च
आलो बुवा एकदाचा! डोंगराच्या पोटात पाण्याची टाकी, पाच मजली इमारत सहज बुडेल एवढी. सातवीत शाळा सुटलेल्या मला इथं पंपावर घेतलं, ते धाकट्याच्या शब्दावर. माझा हा भाऊ टाकीत रबरी होडीतून फिरतो, भिंतीवरचे काचेचे डोळे पुसतो. बारा वर्षांनी दोघं एका खोलीत. घोरलास तर तोंडावर उशी दाबीन म्हणाला, गाढव!

शास्त्रज्ञ मंडळींचं मात्र हसू येतं. गळका नळ आवळता येत नाही, आणि न दिसणाऱ्या न्यूट्रिनोची वाट बघत बसलेत. मोठ्या बाईंनी समजावलं, की हे कण दूरच्या यंत्रातून एका प्रकारचे निघतात, वाटेत दुसऱ्या प्रकारचे होतात, आणखी पुढे गेले की पुन्हा मूळचे. मी म्हटलं, निघताना शेळी आणि पोचताना मेंढी, तर आधी गुराख्याला धरा!

६ मार्च
धाकटा टाकीतून वर आला आणि मला म्हणाला, काका, आपण इथं नवीन का? थट्टा वाटली. पण जेवताना ताट उचलून लांब जाऊन बसला.

७ मार्च
बाईंना सांगितलं. त्यांनी हजेरीची वही उघडली आणि म्हणाल्या, आठ खाली गेले, आठ वर आले, मग तक्रार कसली, आजोबा? जन्मभर बदलणारे कण शोधणार, आणि समोर बदललेला माणूस दिसेना! डोकी आहेत की खोकी?

८ मार्च
त्याला दटावून लिफ्टमधून परत खाली नेलं. तिसऱ्या थांब्यावर एकदम बिलगला. दादा, मला वर नेऊ नकोस. चौथ्यावर पुन्हा परका.

९ मार्च, दुपार
तिसऱ्या थांब्यावरच बसलोय, लिफ्ट अडवून. धाकटा माझा आहे. आईच्या माराच्या आठवणी काढून हसतोय. बाईंचा फोन— वर सहाच आलेत, दोन कमी, आकडा बिघडतोय. त्यांचा आकडा घाला चुलीत! इथंच राहू. पाणी आहे, भाकर—

लिफ्ट वरून ओढतायत. हललीच. त्याचा हात घट्ट धरलाय. सोडणार ना—

कुणी एक इसम माझा हात सोडत नाही. रडतोय. दादा, दादा करतोय. कसली येडी माणसं भरतात इथं. दार उघडंच आहे, एक हिसडा दिला की हा खाली—