मालकाची फिरती खुर्ची

ती. ताईस,

शि. सा. न. (पूर्ण लिहिणार होतो, पण मी आता मालक झालोय आणि मालक लोक सगळं थोडक्यात उरकतात.) तुझा खांदा कसा आहे? दाजींचा खोकला? मी इथे मजेत, म्हणजे नुसता बसून.

झालं असं, की सरकारी इमारती रंगवायचं काम आता आपल्या समाजाच्या लोकांची अर्धी मालकी असलेल्या कंपनीलाच मिळतं. नियम चांगलाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या भिंती आपण रंगवल्या आणि ठेके राहिले शेठ लोकांच्याच घरात. तर आमच्या शेठनी एका सकाळी मला शिडीवरून खाली बोलावलं आणि मालक करून टाकलं. वरच्या मजल्यावर केबिन, फिरती खुर्ची (घेरी येते), त्यांचाच जुना कोट (बाह्या लांब). काम एकच, ते सांगतील तिथे सही ठोकायची. माणूस तसा मनाने वाईट नाही, चहा स्वतः आणून देतो. पण दिवसभर हातात ब्रश नसला की मला जेवण जात नाही बघ.

परवा तपासणीला एक बाई आल्या, मालकी खरी की नुसती दाखवायची ते बघायला. विचारलं, अलीकडे कोणता निर्णय घेतलात? आठवून आठवून सांगितलं, चहात साखर कमी केली. शेठ उगाच मोठ्याने हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. जाताना जिन्यात हळूच म्हणाल्या, "मीही आपल्यातलीच. मलासुद्धा सुरुवातीला नुसतं बसवून ठेवलं होतं. महिन्याने परत येते. तोवर खरे मालक व्हा, नाहीतर काम काढून घ्यावं लागेल." ताई, फार लाज वाटली गं. काम गेलं तर आपली सगळी माणसं घरी बसतील. शेठही हबकले. म्हणाले, घे बाबा एखादा निर्णय, पण बिनखर्चाचा.

तुझा धाकटा
(खाली मालक असं लिहिणार होतो, धीर झाला नाही.)

ता. क. निर्णय घेतला. तुला मुकादम नेमलंय. बाबांच्या बरोबरीने तू रंग दिलास, पण बाईमाणसाला शिडीवर कोण चढवतो म्हणून तुला कुणी कामावर घेतलं नाही. शिवाय शेठशी भांडणं माझ्याच्याने होत नाही, तुला ते जन्मजात जमतं. नाही म्हणू नकोस, सोमवारी ये.

आणखी एक. येताना बाबांची उंच शिडी आण. तुझी नेमणूक ऐकल्याबरोबर शेठ केबिनला कुलूप लावून गेलेत. मालकाला खिडकीतून आत जावं लागणार आहे.