बिनमिरचीची फोडणी

बालीगंज, कोलकाता
वैशाख वद्य पंचमी

प्रिय जान्हवी,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन रोजचाच, पण फोनवर मी बोलत सुटते आणि तू ‘हो आई, हो आई’ करत राहतेस. म्हणून आज कागद घेतला. सोबत मधाची बाटली पाठवते आहे. पातळ दिसला म्हणून भेसळ समजू नकोस, सुंदरबनातला मध असाच असतो. या मधामागे माझी एक फजिती आहे, ती आधी ऐक. फजिती म्हणणं सोपं जातं म्हणून म्हणते, खरं तर चूकच.

पुतुलला तू व्हिडिओवर पाहिलंयस. बाबा गेल्यापासून दोन वर्षं तू मागे लागली होतीस की घरात कुणीतरी राहायला ठेव. शेवटी पाडव्यानंतर ती आली. सुंदरबनातली, पार गोसाब्याच्या पलीकडच्या बेटावरची. कॅनिंग लोकलने बालीगंजला उतरली तेव्हा हातात एक पिशवी, केस कोरडे, भांगात सिंदूर नाही, मनगटात शंखाच्या बांगड्या नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करणं हा माझा चौतीस वर्षांच्या शिकवण्याचा रोग. मनात म्हटलं, बिचारी, माझ्यासारखीच. विचारलं काहीच नाही. उलट पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना तिला बाबांचं आजारपण, शेवटचे दिवस, सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुझं-माझं दुःख एकच गं. तिने मान खाली घातली. मला वाटलं, तिला भरून आलं.

काम तिचं चोख, पण खोडी दोन. डोक्याला तेल-फणी करायची नाही आणि फोडणीत सुकी मिरची घालायची नाही. मी गोडीत सांगितलं, मग चिडून सांगितलं. ती मिरच्या मुकाट्याने बाजूला ठेवायची आणि जिऱ्या-मोहरीवर भागवायची. तुझ्या बाबांना असली फोडणी वाढली असती तर ताट सरकवून उठले असते.

घरच्या गोष्टी मात्र सांगायची. वादळात बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, तेव्हापासून भात धड होत नाही. मग जे काय ते नदीपलीकडच्या जंगलातून. चुलीला सुकं लाकूड तिथलं, खेकडे तिथले, खाडीतले मासे तिथले, आणि चैत्र-वैशाखात मध. वनखात्याचा परवाना काढून सात-आठ जण एका होडीतून जातात, पाल्याचा धूर करून माशा उठवतात, पोळ्याचा मधाचा तेवढा भाग कापतात आणि पिल्लांचा भाग तसाच फांदीला ठेवतात, म्हणजे माशा तिथेच राहतात. बनबीबी ही त्या जंगलाची राखणदार. हिंदू असो, मुसलमान असो, तिला हात जोडल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही. गरजेपुरतं घेतलं तर ती सांभाळते, हाव धरली तर वाघापुढे सोडून देते. हे सगळं पुतुल ‘आमच्याकडचे लोक’ असं म्हणून सांगायची. कोण लोक, हेही मी विचारलं नाही.

मग चैत्रगौर आली. बाबा गेल्यापासून आपल्या इथल्या मराठी बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं होतं, तुला माहीत आहे. तूच म्हणालीस, आई, तू स्वतः कर आणि सगळ्याजणींना बोलाव. केलं. मंदाकिनीमावशी आली, सुनंदाकाकू डमडमहून मेट्रोने आल्या. गडियाहाटच्या कैऱ्यांची डाळ झाली, पन्हं झालं. मग सगळ्यांसमोर मी पुतुलला स्वयंपाकघरातून बोलावलं. ती नको नको म्हणत होती. मी तिचं मनगट धरलं, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि वर भाषणही ठोकलं की नवरा गेला म्हणून बाईने कपाळ ओसाड ठेवायचं, हे या घरात चालणार नाही. टाळ्या पडल्या. मला स्वतःचं काय कौतुक वाटलं म्हणून सांगू!

पुतुलचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आत जाऊन साबणाने कपाळ घासघासून धुतलं. बायका गेल्यावर मी जरा घुश्शातच विचारलं, एवढं काय झालं? तेव्हा ती खाली बघत म्हणाली, “मासीमा, आमार शामी बेंचे आछे. जोंगोले गेछे.”

तिचा नवरा जिवंत होता. निताई नाव त्याचं. मध काढायला जंगलात गेला होता. माणूस आत असेपर्यंत त्याची बायको विधवेसारखी राहते. सिंदूर पुसायचा, बांगड्या उतरवायच्या, तेल-फणी बंद, मिरची जाळायची नाही, आणि तो कुठे गेलाय हे तोंडातून काढायचंही नाही. ज्या घरचा माणूस आधीच गेलाय, त्या घरातून जंगल आणखी काय नेणार, असा त्यांचा हिशेब. माझ्या घरात, गॅसच्या शेगडीपाशी उभी राहून ती त्याची राखण करत होती. ती मी चारचौघींत मोडली, आणि वर तिच्याच तोंडून ते वदवूनही घेतलं.

जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, कुंकवाचा आणि वाघाचा काही संबंध नाही हे मला कळतं. पण कळून काय उपयोग? त्या दिवसापासून मीही डोक्याला तेल लावलं नाही, आणि डाळीला बिनमिरचीची फोडणी मी स्वतः घालू लागले. जंगलात फोन लागत नाही. चौथ्या दिवशी तिच्या जावेचा फोन आला. कुठल्याशा होडीतला एक माणूस वाघाने नेला होता, कुणाचा ते कळलं नव्हतं. पुतुलने फोन ठेवला आणि उरलेली भांडी घासायला घेतली. मी शेजारी उभी राहून एकेक भांडं पुसत राहिले. माफी मागायला तोंड नव्हतं, जानू. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, बाबांच्या वेळीसुद्धा नाही. तेव्हा निदान माझ्या हातून काही झालेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी निताई घाटाला लागला. फोनवर त्याचाच आवाज होता. पुतुल रडली, आणि मग पहिलं विचारलं ते हे, की गेला तो कुणाच्या घरचा. शेजारच्या गावचा निघाला. त्याच्या बायकोला ती ओळखत होती. दिवेलागणीपर्यंत तिने फणीला हात लावला नाही. मग न्हाली, केस विंचरले, देवघरातला माझा कुंकवाचा करंडा घेऊन समोर आली आणि म्हणाली, आता लावा. डोळ्यांत राग नव्हता. या वेळी मी मनगट धरलं नाही, नुसतं कुंकू लावलं. पुढच्या आठवड्यात निताई स्वतः मासीमाला, म्हणजे मला, मध द्यायला आला, आणि जिन्यात चपला काढून उभा राहिला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दिवाळीपासून व्हिडिओवर तुझ्या गळ्यात मंगळसूत्र दिसत नाही. सुमित कधी ऑफिसात असतो, कधी गावाला. मी विचारलं नाही, मनाशी ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून रोज तुला दोघांनी दोन पावलं मागे कसं यावं, संसार कसा सांभाळावा, हे ऐकवत आले. तू ‘हो आई’ म्हणायचीस, आणि मला वाटायचं, पटतंय हिला. पुतुलनेही मान खालीच घातली होती. तू काही सोडलंयस, की कशाची वाट बघते आहेस, की नुसती साखळी तुटून सोनाराकडे पडली आहे, मला खरंच माहीत नाही. माझ्याजवळ या वेळी भाषण तयार नाही. सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते आज विचारते. बाळा, काय झालंय? वाटेल तेव्हा सांग, आणि सांगावंसं वाटलं नाही तर नुसती ये. मी करंडा खाली ठेवला आहे.

तुझीच,
आई